करिंथ येथील न्यायासन



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगीं आपणांशीं चार शब्द बोलावे, अशी मंडळाची इच्छा आहे. संत पौल यांच्या मार्गानें यात्रा करीत असतां ग्रीस देशांतील प्राचीन करिंथ नगरींत आम्हां यात्रेकरूंस अवघे तीन तास मिळाले. तेथें पाहिलेल्या एका दगडी चौथऱ्याविषयीं आज बोलण्याचें मीं योजिलें आहे.

दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीजवळ वसलेलें हें शहर रोमन सैन्यानें इ. स. पूर्वीं 146 मध्यें उद्ध्वस्त केलें, पुढें इ. स. पूर्वीं 44 मध्यें ज्युलियस सीझरनें तें पुन्हां वसविलें. दोन्ही समुद्रांवर बंदरें असल्यामुळें पूर्वपश्चिमेचा व्यापार येथून चाले. आज त्या वैभवांतील अपोलोच्या देवालयाचे सात खांब तेवढे उभे आहेत. बाकी बहुतेक पाये आणि पडझड. येथें संत पौल दीड वर्ष राहिले. अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरीं राहून, तंबू करण्याचा धंदा करून त्यांनीं आपला चरितार्थ चालविला.

बाजारपेठेंत तो चौथरा आहे. रोमन अधिपति गल्लियो याचें न्यायासन तें हेंच, असें संशोधक मानतात. डेल्फी येथें सांपडलेल्या शिलालेखावरून त्याचा काळ इ. स. 51-52 च्या सुमाराचा ठरतो. संत पौलांस त्याच्यापुढें आरोपी म्हणून उभें करण्यांत आलें. परंतु हा तुमच्या धर्मशास्त्राचा तंटा आहे, असें सांगून त्यानें फिर्याद ऐकण्याचें नाकारलें.

पुढें एफेस येथून संत पौलांनीं करिंथच्या ख्रिस्तसभेस पत्र लिहिलें. प्रभुभोजनाच्या सभेंत कोणी पोटभर जेवी, कोणी उपाशी राही. आणि भाऊ भावावर फिर्याद करी. ज्या न्यायव्यवस्थेपुढें प्रेषित स्वतः श्रद्धेसाठीं उभे राहिले, तिच्याकडेच त्यांचीं लेंकरें पैशासाठीं धांव घेऊं लागलीं! याचें त्यांस अतिशय दुःख झालें.

बंधुजनहो, तो चौथरा आपणांपासून फार दूर नाहीं. आपल्या गांवांतहि एका बांधासाठीं, एका विहिरीच्या पाण्यासाठीं सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. बाप मरतो आणि खटला मुलांस वारशानें मिळतो. रविवारीं तेच दोघे एका वेदीपुढें गुडघे टेकतात. मिस्सा संपतांच एक या दारानें, दुसरा त्या दारानें बाहेर पडतो. दुर्बळानें न्याय मागूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. नाडलेल्या विधवेच्या पाठीशीं ख्रिस्तसभेनें उभें राहिलेंच पाहिजे. परंतु जेथें केवळ ईर्ष्या उरली आहे, तेथें जिंकणाराहि भावाला मुकतो.

लेवीय ग्रंथांत पन्नासावें वर्ष हें ज्युबिलीचें वर्ष सांगितलें आहे. त्या वर्षीं विकलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळे व दास मोकळा होई. म्हणजे ज्युबिलीचा आरंभच जमिनीच्या तंट्यावर घाव घालून होतो. चर्चच्या जीर्णोद्धारासाठीं आपण उदार हस्तें दिलें, त्याबद्दल परमेश्वर आपलें कल्याण करो. आतां याहून मोठी एक देणगी मी मागतों: या वर्षीं निदान एक खटला मागें घेतला जावा. येत्या रविवारपासून दर सायंकाळीं धर्मगुरुनिवासाचें दार उघडें राहील. जे दोघे भाऊ येतील त्यांच्यामध्यें बसावयास मी तयार आहें.