आमचा ट्रक विंटेज का नाही?

 

सुरुवातीलाच एक खुलासा. मी मुरुडचा म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "अरे वा, जंजिरा!" तर ते मुरुड रायगडातलं. आमचं रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं, हर्णै आणि कर्दे यांच्या मधलं. महर्षी कर्व्यांचं मुरुड. आणि या मुरुडमध्ये आमच्या वाडीत, पोफळींच्या मागे, एक ट्रक उभा आहे. 1964 सालचा टाटा मर्सिडीज-बेंझ. आजचा विषय तोच.

मर्सिडीज म्हटल्यावर ऑफिसातल्या मित्रांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलं होतं. फोटो दाखवल्यावर ती नजर गेली. पण नाव खरं आहे. टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स, सुरू झाली 1945 मध्ये रेल्वे इंजिनं बनवायला. 1954 मध्ये त्यांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनवायला लागले. करार 15 वर्षांचा. 1969 मध्ये तो संपला आणि बॉनेटवरची तीन पात्यांची चांदणी गेली. तोपर्यंतचे सगळे ट्रक ती चांदणी मिरवत फिरले. सिमेंट, ऊस, कांदा, आमच्याकडे आंबा, जे मिळेल ते वाहत.

आमचा आंब्याचा. आजोबांनी तो सत्तरच्या दशकात सेकंडहँड घेतला. सीझनला पेंढा घातलेल्या पेट्या संध्याकाळी भरायच्या, रात्रभर गाडी चालवायची आणि सकाळी मुंबईच्या बाजारात टेकायचं. मध्ये कशेडी घाट. इंजिन सहा सिलिंडरचं, साधारण साडेचार लिटरचं, पण ताकद शंभर हॉर्सपॉवरच्या आसपास. आज आपण वीकेंडला ज्या डिझेल एसयूव्ही घेऊन फिरतो, त्यातल्या बऱ्याच जणींची ताकद याहून जास्त असते. आणि हा त्यावर टनांनी माल घेऊन घाट चढायचा. बाबा लहानपणी आजोबांबरोबर जायचे. ते सांगतात, घाटात क्लीनर उतरून हातात लाकडी ठोकळा घेऊन गाडीच्या मागून चालत यायचा. थांबलीच गाडी, तर ठोकळा चाकाखाली.

आता मुद्द्यावर येतो. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला आणि विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं, फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, डिझेल-पेट्रोल भरणं, एवढ्यासाठी रस्त्यावर आणता येते. चांगला नियम आहे, मी मनापासून म्हणतोय. अट काय? पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली हवीत. आमची झालीत. चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार नको. ठीक आहे. आणि गाडी खासगी वापराची हवी. व्यावसायिक नको.

संपला विषय! ट्रक जन्मालाच येतो व्यावसायिक म्हणून. म्हणजे संस्थानिकाची गाडी, जी वर्षातून चार वेळा दसऱ्या-दिवाळीला बाहेर निघायची, ती वारसा. आणि ज्यानं तीस वर्षं अख्ख्या तालुक्याचा आंबा वाहिला, तो भंगार. मला संस्थानिकांच्या गाड्यांबद्दल राग नाही, रॅलीत मी पण फोटो काढतो. पण नियम लिहिताना ट्रक कुणाच्या डोक्यातच आला नसावा, असं वाटतं. ट्रककडे कुणी 'बघत' नाही. त्याच्या मागे अडकल्यावर हॉर्न मारतात फक्त.

बरं, हे सगळं नंतर कळलं. काम त्याआधीच सुरू झालं होतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवशी काय झालं हे दापोलीकरांना सांगायला नको. कौलं, पत्रे, माड, पोफळी, सगळं आडवं. मी लॉकडाउनमुळे पुण्याहून घरी आलेलो, वर्क फ्रॉम होम चालू होतं. वादळानंतर कित्येक दिवस लाईट नाही, नेट नाही. म्हणजे वर्कही नाही. मागची शेड ट्रकवरच बसली होती. ती उचलून बाजूला केली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा तो ट्रक मी पूर्ण, उन्हात बघितला.

पहिल्यांदा केली ती हातोडीची टेस्ट. ही मला दापोलीच्या चाचांनी शिकवली. चाचा म्हणजे जुने डिझेल मेकॅनिक, आजोबांच्या वेळेपासूनचे. पत्र्यावर हातोडी मारत जायचं. 'टण' आवाज आला तर लोखंड आहे, 'थप' आला तर नुसता गंज रंगाला धरून उभा आहे. आमच्याकडे खारा वारा, पातळ पत्रा टिकतच नाही. मडगार्ड, दरवाजाची खालची बाजू, डिझेलची टाकी, सगळं थप. चेसिस मात्र मागच्या टोकापर्यंत टण टण टण. चाचा खूश. म्हणाले, "हाड चांगलं आहे, मांस चढवू."

इंजिन जाम होतं. हेड उतरवून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं, तीन आठवडे. मग फ्लायव्हीलला पहार लावून थोडं पुढे, थोडं मागे. एक दिवस सुटलं. सहातले पाच सिलिंडर नुसते घासून साफ झाले, एक मात्र आतून खड्डे खड्डे झालेला. एकच का? तर इंजिन शेवटचं बंद झालं तेव्हा त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिला. दमट हवा वीस वर्षं तेवढ्याच खोलीत शिरत राहिली. त्याला स्लीव्ह बसवून घेतली. वॉटर पंपची बॉडी फुटलेली, ती कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या तुकड्यावरून नवीन ओतून मिळाली. बारीकसारीक सामान कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणि पुण्याच्या जुन्या बाजारातून. रविवारी सकाळी जुन्या बाजारात माझ्या वयाची पोरं कॅमेरे शोधत असतात, मी व्हील सिलिंडर शोधत फिरतो.

एक गंमत सांगतो, कोडिंगवाल्यांना आवडेल. हे इंजिन थंडीत सुरू करायला आधी हीटर प्लग तापवावे लागतात. सहा सिलिंडर, सहा प्लग, आणि आमच्या गाडीत सगळे एका रांगेत जोडलेले. जुन्या दिवाळीच्या माळेसारखे. एक गेला की सहाच्या सहा थंड. आणि कुठला गेलाय ते बाहेरून कळत नाही. डॅशबोर्डवर जाळीच्या बोंडूत एक तार असते, ती लाल झाली तर समजायचं सर्किट पूर्ण आहे. 1964 सालचं हे आमचं स्टेटस पेज. मल्टिमीटर लावून एकेक प्लग तपासत गेलो तेव्हा चाचा शेजारी बिडी ओढत बसले होते. चौथा खराब निघाला. "तुमच्या कंपनीत याचेच पैसे देतात का?" म्हणाले. थोडंफार तेच की!

आता केबिन. इथे मला त्या नियमातली दुसरी अट आठवते, बॉडीत फेरफार नको. त्या काळी पुष्कळ ट्रक कारखान्यातून अर्धेच यायचे, चेसिस, इंजिन आणि पुढचं नाक. केबिन आणि हौदा बाहेर, स्थानिक सुतार-लोहार बांधायचे. आमच्या ट्रकची केबिन म्हणजे लाकडाची चौकट आणि वर ठोकलेला पत्रा. म्हणजे 'ओरिजिनल' काय? जर्मनीत नाही, जमशेदपूरला नाही, कुठल्या नकाशात तर नाहीच. ते कुठल्यातरी मेस्त्रीच्या हातात होतं.

म्हणून मी मेस्त्रीच शोधले. हर्णैला होड्या बांधणारे. आता फायबरच्या होड्या आल्यावर लाकडी काम कमी झालंय. त्यांनी जुनी कुजलेली चौकट जमिनीवर मांडून घेतली, सगळे सांधे बघितले आणि म्हणाले, "हा होडीवाल्यानंच केलाय." एका कोपऱ्यातला सांधा दाखवला, तसा म्हणे घरबांधणीचा सुतार करत नाही. खरं-खोटं मला ठरवता येत नाही. पण नवीन चौकटीत त्यांनी तो सांधा तसाच घेतला. मागच्या फाळक्याच्या जुन्या फळ्यांपैकी दोन चांगल्या निघाल्या, त्या परत बसवल्यात. त्यांच्यावर पेट्या घासून घासून पडलेल्या चरा आहेत. रंधा मारू दिला नाही.

आतापर्यंत सव्वादोन लाख गेलेत, पाच वर्षांत. माझ्याकडे शीट आहे, बाबांना दाखवलेली नाही. आणि खरा तिढा बाबांचाच आहे. मुरुडला आता पर्यटक येतात, शनिवारी-रविवारी तर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. ट्रक उभा आहे तिथे दोन खोल्या सहज होतील. अटॅच बाथरूमसकट. बाबांचं म्हणणं एकदम बरोबर आहे. सुपारीवर आता घर चालत नाही, वादळात गेलेल्या पोफळी परत उत्पन्न द्यायला वर्षं लागतात. त्यांनी बँकेतून कागदही आणलेत. ज्या गाडीला रस्त्यावर काढायची परवानगी नाही, ती ठेवायची कशासाठी, असं ते विचारतात. यावर माझ्याकडे बिनतोड उत्तर नाही. मालवाहू म्हणून नोंदणी जिवंत करायची तर फिटनेस, टॅक्स, विमा, आणि एवढं करून हा माल वाहणार नाहीच. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेलाय.

बाबांनी पुढच्या मे महिन्यापर्यंत मुदत दिली आहे. मधल्या काळात मी दोन गोष्टी करतोय. एक, मंत्रालयाला पत्र पाठवलंय, की 50 वर्षांपुढचे आणि आता धंद्यात नसलेले मालवाहू ट्रक या नियमात घ्यावेत. दुसरी, ब्रेक. इंजिन चालतं, वाडीतल्या वाडीत पहिल्या गियरमध्ये विहिरीपर्यंत जाऊन येतो. थांबायला मात्र अजून हँडब्रेक आणि मागे ठोकळा घेऊन मी. स्टेअरिंगवर तेव्हा बाबा असतात. दुसरं कुणी नको म्हणतात.

तर मंडळी, एक काम सांगतो. तुमच्या गावात, गोठ्यामागे, पेट्रोल पंपाच्या कडेला असा नाकवाला जुना ट्रक उभा असेल, तर त्याच्या चेसिस नंबरच्या पाटीचा आणि केबिनच्या आतल्या लाकडी सांध्यांचा फोटो काढून या एपिसोडखाली टाका. मालकाला विचारून काढा. आणि मागच्या ब्रेकचे ड्रम कुणाकडे असतील तर आधी ते सांगा.