नरक्या : निष्कर्षण आणि संरक्षण

वनस्पतीतून औषधी द्रव्य काढून घेण्याची विद्या भारतात फार प्राचीन आहे. आयुर्वेदाने स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट अशा पाच मूलभूत कल्पना सांगितल्या आहेत. ताजी वनस्पती पिळून काढलेला रस म्हणजे स्वरस, वाटून केलेला गोळा म्हणजे कल्क, पाण्यात उकळून आटवलेला काढा म्हणजे क्वाथ, थंड पाण्यात रात्रभर भिजत घालून गाळलेले पाणी म्हणजे हिम आणि उकळते पाणी ओतून थोड्या वेळाने गाळलेले पाणी म्हणजे फांट. यांखेरीज आसव-अरिष्टांत किण्वनाने तयार होणारे अल्कोहॉल आणि औषधी तेला-तुपांत स्निग्ध पदार्थ हे पाण्याला न जुमानणारी द्रव्ये काढून घेण्याचे काम करतात. आजचा रसायनशास्त्रज्ञ ज्याला निष्कर्षण म्हणतो त्याचे मूळ तत्त्व यांत आलेलेच आहे. वनस्पतीत शेकडो द्रव्ये असतात. कोणता विद्रावक वापरावा, तो उष्ण असावा की शीत आणि तो किती वेळ ठेवावा यांवर कोणते द्रव्य बाहेर येईल ते ठरते.

हे काम काही वेळा फारच सुकर असते. आवळा आणि हिरडा यांच्या फळांत टॅनिने, गॅलिक अम्ल यांसारखी फिनॉलवर्गीय संयुगे विपुल असतात. हवेतील ऑक्सिजनाने तेल खवट होते. अशा ऑक्सिडीभवनाला आळा घालणाऱ्या द्रव्यांना प्रति-ऑक्सिडीकारके म्हणतात, आणि ही संयुगे त्यांत मोडतात. पाणी आणि अल्कोहॉल यांच्या मिश्रणात ती सहज उतरतात. प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाच्या द्रव्याच्या जांभळ्या विद्रावात असा अर्क मिसळला की विद्राव पिवळट होत जातो, आणि रंग किती उतरला त्यावरून अर्काचे बळ मोजतात. परीक्षानळीत दिसलेले हे बळ पचन, शोषण आणि यकृतातील रूपांतरे यांतून पार पडून शरीरातही तसेच प्रकटेल असे मात्र नाही. तरीही निष्कर्षणाच्या दृष्टीने येथे परिस्थिती तिहेरी अनुकूल आहे. द्रव्य विपुल आहे, ते साध्या विद्रावकात उतरते आणि फळे तोडल्याने झाड मरत नाही. या तिन्ही गोष्टी प्रतिकूल झाल्या म्हणजे काय होते, हे सह्याद्रीतील एका लहानशा वृक्षाच्या इतिहासावरून कळते. त्या वृक्षाचे नाव नरक्या.

नरक्या पश्चिम घाटात आढळतो. महाबळेश्वर, कोयनेचे खोरे, आंबोली या भागांतील दाट झाडीत इतर वृक्षांच्या सावलीला तो वाढतो. त्याची लहान पांढरट फुले दुर्गंधी असतात, म्हणून त्याचे मराठी नाव असे पडले. त्याच्या एका जुन्या लॅटिन नावातील ‘फीटिडा’ या शब्दाचा अर्थही दुर्गंधी असाच आहे. आज रूढ असलेले त्याचे शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना असे आहे. जॉन ग्रॅहम यांनी मुंबई आणि परिसरातील वनस्पतींची सूची रचली. ती 1839 साली प्रसिद्ध झाली. ग्रॅहम यांच्या मृत्यूनंतर ती पुरी करणारे निम्मो यांच्या स्मरणार्थ हे विशेषण योजले गेले आहे. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे या झाडाकडे वनस्पतिशास्त्रज्ञांखेरीज फारसे कोणी पाहिले नाही.

त्याचे भाग्य, किंवा दुर्भाग्य म्हणावे, बदलले ते एका चिनी वृक्षामुळे. चीनमध्ये ‘शी शू’, म्हणजे हर्षवृक्ष, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॅम्प्टोथेका वृक्षाचा अर्क कर्करोगाच्या पेशींवर परिणाम करतो, असे अमेरिकेतील चाचण्यांत आढळले होते. नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी त्या अर्कातील कार्यकारी द्रव्य वेगळे केले, आणि 1966 साली त्याची रेणुरचना प्रसिद्ध झाली. हेच कॅम्प्टोथेसिन. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 साली नंदुरबार येथे झाला आणि त्यांचे शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले. पुढे टॅक्सॉल या दुसऱ्या महत्त्वाच्या कर्करोगविरोधी द्रव्याच्या शोधातही त्यांचा वाटा होता. 2020 साली त्यांचे निधन झाले.

चिनी वृक्षाच्या खोडाच्या सालीत हे द्रव्य सुमारे 0.01 टक्का असते. याचा अर्थ असा की, एक टन वाळलेल्या सालीत ते जेमतेम 100 ग्रॅम भरते. 1972 साली मुंबईत गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी नरक्यातही कॅम्प्टोथेसिन असल्याचे दाखवून दिले. येथे त्याचे प्रमाण चिनी वृक्षाच्या कितीतरी पट अधिक होते. सर्वसाधारणपणे ते 0.3 टक्क्यापर्यंत सांगितले जाते. तेवढे प्रमाण धरले तर एक टन वाळलेल्या मालात तीन किलोग्रॅम द्रव्य असते. हा फरक रसायनशास्त्रज्ञाला आनंददायक वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु हेच गणित उलट बाजूने मांडून पाहिले पाहिजे. एक किलोग्रॅम द्रव्यासाठी, कणभरही वाया जात नाही असे मानले तरी, 333 किलोग्रॅम वाळलेला माल लागतो. प्रत्यक्षात थोडेफार द्रव्य नेहमी वाया जातेच. आणि हा माल फळांचा किंवा पानांचा नसून खोडाचा आणि मुळांचा असतो.

निष्कर्षणाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. लाकूड वा साल वाळवून तिची भुकटी करतात. प्रथम पेट्रोलियम ईथरासारख्या विद्रावकाने तिच्यातील मेद आणि मेण काढून टाकतात. मग ती मेथॅनॉलात मुरवतात वा तापवतात, गाळतात आणि मेथॅनॉल उडवून देऊन अर्क दाट करतात. एरवी अल्कलॉइड वर्गातील द्रव्ये वेगळी करण्याची एक सोपी युक्ती असते. ती अम्लाशी संयोग पावून लवणे बनवतात, ही लवणे पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर इतर द्रव्यांपासून दूर होतात. क्विनीन, मॉर्फीन यांच्या बाबतीत हाच गुण उपयोगी पडला. कॅम्प्टोथेसिनाची गणना अल्कलॉइडांत होत असली तरी ते अम्लाशी टिकाऊ लवण बनवत नाही, आणि पाण्यात जवळजवळ विरघळतही नाही. म्हणून दाट अर्क क्लोरोफॉर्म आणि पाणी यांत घुसळतात. कॅम्प्टोथेसिन क्लोरोफॉर्मच्या थरात उतरते. तेथून पुढे वर्णलेखन आणि पुनःपुन्हा स्फटिकीकरण करून ते शुद्ध करतात. हाती येते ती फिकट पिवळी पूड. जंबुपार प्रकाशात धरली असता ती निळसर चमकते, आणि या खुणेवरून अगदी अल्प प्रमाणातही तिचे अस्तित्व ओळखता येते.

या रेणूत लॅक्टोन नावाचे एक वलय असते. क्षारकाच्या सान्निध्यात ते उघडते आणि द्रव्य पाण्यात विरघळू लागते. अम्ल घातले की वलय पुन्हा मिटते. रसायनशास्त्रज्ञाला हा गुण सोयीचा वाटला, पण रुग्णाला तो महागात पडला. 1970 नंतरच्या पहिल्या चाचण्यांत द्रव्य टोचता यावे म्हणून वलय उघडलेले सोडियम लवण वापरले गेले. त्याचा गुण कमी आला आणि मूत्राशयाला इजा करण्यासारखे दुष्परिणाम तीव्र झाले. चाचण्या थांबल्या. 1985 साली मात्र कॅम्प्टोथेसिनाच्या कार्याचा उलगडा झाला. पेशीतील डीएनएच्या दोरीला पडलेला पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-1 हे एंझाइम तिचा एक पदर क्षणभर तोडते आणि पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या क्षणी एंझाइमाला जखडून ठेवते, त्यामुळे सांधणे राहून जाते आणि विभाजन पावणारी पेशी मरते. या कामासाठी वलय मिटलेलेच असावे लागते. या ज्ञानाच्या आधारे मूळ रेणूत फेरफार करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे तयार झाली. दोहोंना 1996 साली अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिले प्रथम बीजांडकोशाच्या आणि दुसरे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी वापरले गेले. 2019 साली मान्यता मिळालेल्या स्तनाच्या कर्करोगावरील एका प्रतिपिंडाधारित औषधातही याच कुळातील रेणू जोडलेला आहे.

या औषधांनी अनेक रुग्णांचे आयुष्य वाढवले. त्याचबरोबर सह्याद्रीतील एका दुर्लक्षित झाडाला बाजारभाव आला. कॅम्प्टोथेसिन प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने बनवता येते. तथापि ती रीत लांबलचक आणि खर्चाची असल्यामुळे उद्योगाची भिस्त मुख्यतः वनस्पतींवरच राहिली. नरक्याची झाडे बुंध्यापासून तोडली जाऊ लागली, काही ठिकाणी मुळेही खणली गेली. महाराष्ट्रात कोल्हापूर आणि सिंधुदुर्गाच्या जंगलांतून चोरट्या तोडीच्या वार्ता वारंवार येत राहिल्या. तोडणाऱ्याला त्या लाकडाचे पुढे काय होते हे बहुधा माहीत नसते. ज्या रुग्णाला औषध मिळते त्यालाही ते कोठून आले हे माहीत नसते. या दोघांच्या मधली साखळी इतकी लांब आहे की, झाड नाहीसे झाल्याची जबाबदारी कोणावरच येत नाही.

ही जबाबदारी शास्त्राने स्वीकारावी असा प्रयत्न बंगळूरच्या उत्तर भागात हेब्बाळ परिसरात झाला. 1899 साली म्हैसूर संस्थानच्या रीजंट महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी शेतीविषयक प्रयोगांसाठी हेब्बाळ येथे 30 एकर जमीन दिली, आणि डॉ. लेमन या रसायनशास्त्रज्ञाने तेथे काम सुरू केले. 1913 साली तेथे कृषिशाळा आणि 1946 साली कृषिमहाविद्यालय निघाले. या पायावर 1964 साली कृषिविज्ञान विद्यापीठ उभे राहिले. त्याचा गांधी कृषी विज्ञान केंद्र हा विस्तीर्ण परिसर हेब्बाळच्या पुढे बेळ्ळारी रस्त्यालगत आहे. तेथे आर. उमा शंकर आणि के. एन. गणेशय्या यांनी आपल्या सहकाऱ्यांसह नरक्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. अर्क अधिक कसा निघेल एवढ्यावर हे शास्त्रज्ञ थांबले नाहीत. द्रव्य कोठे आहे, कोणत्या झाडात किती आहे आणि झाड न मारता ते मिळेल काय, हे त्यांचे प्रश्न होते.

पश्चिम घाटाच्या निरनिराळ्या भागांतील नरक्याचे नमुने तपासले असता झाडाझाडांत मोठा फरक आढळला. एकात द्रव्य पुष्कळ, तर दुसऱ्यात अगदी थोडे. या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. सरसकट तोड करणारा मनुष्य ज्यांत द्रव्य फारसे नाही अशी झाडेही व्यर्थ मारत असतो. उलट, अधिक द्रव्य असलेली झाडे हेरून त्यांपासून रोपे केली तर थोड्या लागवडीतून तेवढाच माल मिळू शकतो. अशी झाडे जंगलातून नाहीशी झाली तर निवड करण्यासारखे काही उरणारच नाही. शेतकऱ्याला बियाण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. दाणे विकून टाकले तरी बियाण्याची पोती तो राखून ठेवतो. जंगलाच्या बाबतीत हा विवेक अद्याप पुरता रुजलेला नाही.

दुसरा मार्ग अधिक आश्चर्यकारक होता. 2005 साली जम्मू येथील शास्त्रज्ञांनी असे प्रसिद्ध केले की, नरक्याच्या ऊतकांत निरुपद्रवीपणे राहणारी एक बुरशी स्वतंत्रपणे वाढवली असता तीही कॅम्प्टोथेसिन तयार करते. बुरशी पात्रांत वाढवता येते. तेव्हा झाड तोडण्याचे कारणच उरणार नाही, अशी आशा निर्माण झाली. हेब्बाळच्या गटानेही नरक्या आणि त्याच्या नातलग वनस्पतींतून अशा बुरशी मिळवल्या. परंतु 2010 च्या सुमारास त्यांना असे आढळले की, बुरशीची एका पात्रातून दुसऱ्या पात्रात पुनःपुन्हा लागवड केली की द्रव्याचे प्रमाण घटत जाते. यजमान झाडापासून तुटलेली बुरशी आपले कौशल्य जणू विसरते. जे द्रव्य एका झाडाचे आहे असे वाटत होते ते झाड आणि बुरशी यांच्या सहवासाशी निगडित असू शकते, हा यातून निघणारा विचार होय. झाडाचे रक्षण करण्यास यामुळे आणखी एक कारण मिळाले.

तिसरा मार्ग झाडे तपासत असताना सापडला. नरक्याच्या नात्यातील इतर वनस्पती त्यांनी ओळीने तपासल्या. पायरेनाकँथा व्होल्युबिलिस या वेलीच्या फळा-बियांत कॅम्प्टोथेसिनाचे प्रमाण नरक्यापेक्षाही अधिक असल्याचे 2014 साली प्रसिद्ध झाले. येथे विचारांचा एक फेरा पूर्ण होतो. साल काढली म्हणजे झाड जखमी होते, मूळ खणले म्हणजे ते मरते, पण फळ तोडले तर वनस्पती पुढील ऋतूसाठी कायम राहते. आवळ्या-हिरड्याच्या बाबतीत जी गोष्ट सहजप्राप्त आहे ती या दुर्मिळ द्रव्याच्या बाबतीतही साध्य होण्याची शक्यता दिसू लागली. अर्थात वेलीची लागवड, तिचे उत्पन्न आणि बियांतून द्रव्य काढण्याचा खर्च यांचा हिशेब जमला तरच ती शक्यता प्रत्यक्षात येईल. वेलीची फळेही बेसुमार ओरबाडली तर तिची नवी रोपे उगवणार नाहीत, हेही विसरता कामा नये.

भारताने 2002 साली जैवविविधता कायदा केला. जैविक संपत्तीच्या वापरातून होणाऱ्या लाभाचा वाटा ती राखणाऱ्या लोकांना मिळावा, हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. कायद्याच्या जोडीला लागवड हवी, लागवडीच्या जोडीला निवडक रोपे हवीत, आणि रोपांसाठी जंगलातील मूळ झाडे शिल्लक हवीत. निष्कर्षण भट्टीपाशी सुरू होते असे समजण्याची सवय आहे. वस्तुतः वनस्पतीचा कोणता भाग, कोणत्या झाडाचा आणि किती घ्यावयाचा, हे ठरते तेथेच निष्कर्षणाला प्रारंभ होतो. विद्रावक चुकला तर एका दिवसाचे काम वाया जाते व दुसऱ्या दिवशी ते पुन्हा करता येते. झाडाची निवड चुकली तर ती चूक सुधारण्यासाठी झाडच उरत नाही. सह्याद्रीच्या सावलीत वाढणाऱ्या नरक्याने वैद्यकाला एक मोलाचे द्रव्य दिले आहे. त्याच्या नात्यातील वेलींत, त्याच्या ऊतकांतील बुरशींत आणि त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या, अद्याप कोणी न तपासलेल्या झाडांत आणखी काय आहे, हे जाणण्यासाठी ते जंगल उभे राहिले पाहिजे.