मुक्त छायाचित्रकार आणि त्याची कामे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

नोकरी न करता, कोणत्याही एका वृत्तपत्राशी, कार्यालयाशी वा कारखान्याशी कायमचा बांधला न जाता, येईल ते काम ठरलेल्या मोबदल्यात करून देणारा छायाचित्रकार म्हणजे मुक्त छायाचित्रकार. तालुक्याच्या गावी तो सर्वांच्या परिचयाचा असतो. परंतु त्याच्या व्यवसायाचा विचार फारसा कोणी केलेला नसतो. लग्नाला तोच, शाळेच्या स्नेहसंमेलनाला तोच, बंधाऱ्याच्या जलपूजनाला तोच आणि अपघाताच्या पंचनाम्यालाही पुष्कळदा तोच. पाहणाऱ्याला वाटते, माणूस एक, कॅमेरा एक, तेव्हा कामही एकच असणार. वस्तुस्थिती निराळी आहे, आणि शासकीय कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती ही या छायाचित्रकाराची नेहमीची गिऱ्हाइके असल्यामुळे ती समजून घेणे त्यांच्याही हिताचे आहे.

मिश्र पिकाची शेती

कोरडवाहू शेतकरी एकाच पिकावर विसंबत नाही. ज्वारीत तूर घालतो, बाजरीत मटकी पेरतो. एक गेले तर दुसरे हाती लागावे हा त्यामागील हिशेब. मुक्त छायाचित्रकाराचा संसारही अशाच हिशेबावर चालतो. तुळशीचे लग्न आटोपले की लग्नसराई सुरू होते आणि त्याची वही भरू लागते. आषाढात मुहूर्त संपले की तीच वही कोरी राहते. मग गणेशोत्सव येतो, शाळांची ओळखपत्रे येतात, एखाद्या बियाणे कंपनीच्या प्रात्यक्षिक शेताचे काम येते. मार्चअखेर कार्यालयांना अहवालासाठी छायाचित्रे तातडीने हवी असतात. त्याला रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागली तर तिचा खर्च त्याच्याच खिशातून जातो. अनेक तऱ्हेची कामे घेणारा माणूस एकाही कामात मुरलेला नसतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही.

महाराष्ट्रात या हरहुन्नरीपणाची परंपरा जुनीच आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्याशी संबंधित होते. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून काम केले, मुद्रणव्यवसायात हात घातला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. एका कामात शिकलेले दुसऱ्या कामात उपयोगी पडते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

प्रत्येक कामाचे शास्त्र वेगळे

लग्नाचे काम सोपे समजले जाते. प्रत्यक्षात अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच येतो. शेवटचे मंगलाष्टक संपते, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते आणि त्याच दोन-चार क्षणांत वधूवर परस्परांना हार घालतात. त्या वेळी छायाचित्रकार चुकीच्या बाजूला उभा असेल तर पुन्हा हार घालायला सांगून ते चित्र मिळत नाही. मिळते ते सोंग. म्हणून त्याला विधींचा क्रम भटजींइतकाच ठाऊक असावा लागतो, होमाच्या धुरातून प्रकाश कसा येतो याचा अंदाज असावा लागतो, आणि घरातील कोणती आजी रुसून मागे बसली आहे हेही कळावे लागते.

बंधाऱ्याच्या कामाला याच्या उलट स्वभाव लागतो. तेथे भावनेचे काम नाही, मापाचे आहे. भिंतीशेजारी माणूस वा मोजपट्टी उभी नसेल तर ती भिंत एक मीटरची की चार मीटरची हे चित्रावरून समजत नाही. कामापूर्वीचे, काम चालू असतानाचे आणि पूर्ण झाल्यानंतरचे अशी तिन्ही चित्रे एकाच जागेवरून, एकाच दिशेने काढलेली असली तरच त्यांची तुलना होते. त्यासाठी पहिल्याच दिवशी एखाद्या दगडाची किंवा झाडाची खूण ठरवून ती वहीत टिपून ठेवावी लागते. २०१६ पासून रोजगार हमीच्या कामांची स्थाननिश्चितीसह छायाचित्रे मोबाईलवर घेण्याची पद्धत सुरू झाली आणि हे काम पुष्कळ अंशी कर्मचाऱ्यांच्या हाती गेले. स्थळ यंत्र नोंदवते. परंतु कोठे उभे राहावे हे यंत्र सांगत नाही, आणि अशा अनेक चित्रांत खड्डा तेवढा दिसतो, त्याच्याभोवतीचा शिवार दिसत नाही.

ऐतिहासिक वस्तूंचे छायाचित्रण हा आणखी तिसरा प्रांत. गावच्या वेशीवरील वीरगळ किंवा देवळातील शिलालेख समोरून झोत टाकून टिपला तर झिजलेली अक्षरे दिसेनाशी होतात. सकाळच्या वा मावळतीच्या तिरप्या उन्हात, किंवा रात्री बाजूने दिवा धरला असता, तीच अक्षरे उठून येतात. अक्षरांत खडू भरण्याची किंवा त्यांवर तेल चोळण्याची काही ठिकाणी रीत आहे. तिने दगडाला अपाय होतो आणि वाचनातही चूक शिरते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगावे. मोडी कागदपत्रांच्या प्रती घेताना कॅमेरा कागदाला समांतर ठेवून दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत सारखा प्रकाश द्यावा लागतो.

पंचनाम्याच्या कामात छायाचित्रकाराने आपली कला घरी ठेवून यावे हे बरे. आधी दूरचे चित्र, मग मधले, शेवटी मापासह जवळचे. जागेवरची कोणतीही वस्तू हलवायची नाही, आणि नंतर संगणकावर रंग उजळायचेही नाहीत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे संगणकीय स्वरूपातील पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यामुळे मूळ फाइल आहे तशी जपणे हा त्या कामाचाच भाग ठरतो. बालगृह अथवा तत्सम संस्थेत काम करताना वेगळी मर्यादा पाळावी लागते: काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख पटेल असे चित्र प्रसिद्ध करण्यास बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. समारंभाच्या उत्साहात पाहुणेमंडळीच हे विसरतात, आणि नको म्हणण्याचे अप्रिय काम बाहेरून आलेल्या छायाचित्रकारावर येते.

समारंभाविषयी सांगायचे तर, एका रोपाला दहा हात लागलेले आणि दहाही चेहरे कॅमेऱ्याकडे वळलेले वृक्षारोपणाचे चित्र कोणत्याही कार्यालयाच्या कपाटात सापडेल. त्यात रोप कोणत्या जातीचे हेही कळत नाही. हा दोष छायाचित्रकाराचा नसतो. त्याला तसेच चित्र मागितलेले असते. चांगला छायाचित्रकार मागितलेले चित्र काढतोच, आणि मंडळी चहाला वळल्यावर खड्डे खणणाऱ्या मजुरांचेही एक काढून ठेवतो. वीस वर्षांनी जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ते दुसरे चित्र हवे असते.

एका कामाच्या कमाईवर दुसरे काम उभे राहते, हाही या व्यवसायाचा एक विशेष आहे. मुंबईतील मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी कारखान्यांसाठी काढलेली चित्रे मुळात कंपन्यांनी सांगितलेली, पैसे देऊन करून घेतलेली कामे होती. आज ती स्वातंत्र्योत्तर औद्योगिकीकरणाची दृश्य नोंद म्हणून पाहिली जातात. किशोर पारेख (१९३०–१९८२) यांना १९७१ च्या बांगलादेश युद्धावर कोणीही पाठवले नव्हते. ते स्वतःहून गेले, आणि त्या चित्रांचे पुस्तक १९७२ मध्ये निघाले.

नाव कोणाचे, हक्क कोणाचा

होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारीचा, शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत. त्यांची चित्रे १९३८ पासून मुंबईच्या नियतकालिकांत येऊ लागली. परंतु प्रारंभीच्या काळात पुष्कळशी त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. १९४२ नंतर त्यांनी दिल्लीत सत्तांतराचा सारा काळ टिपला आणि १९७० मध्ये व्यवसाय सोडला. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. नावाखाली नाव छापून येण्याला मोल काय, हे या एका चरित्रावरून ध्यानात यावे.

प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ चे याबाबतचे म्हणणे अनेक छायाचित्रकारांना आणि तितक्याच अधिकाऱ्यांना माहीत नसते. छायाचित्र काढणारा हा त्याचा कर्ता. तथापि, कोणाच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन चित्र काढले असेल, आणि उलट करार नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला हक्क काम सांगणाऱ्याचा. म्हणजे निगेटिव्ह आपल्या पेटीत आहे म्हणून हक्क आपला, ही छायाचित्रकाराची समजूत खरी नव्हे. शासनासाठी केलेल्या कामाचा हक्क, वेगळा करार नसल्यास, शासनाकडे राहतो. मात्र स्वतःहून, कोणी न सांगता काढलेल्या चित्रावर छायाचित्रकाराचाच हक्क आहे. बाजारातील गर्दीचे किंवा पुरातील वाड्याचे असे चित्र वार्षिक अहवालात न विचारता छापणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतातील कणसे खुडणे होय. हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. आणि हक्क दुसऱ्याकडे गेल्यावरही कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार कलम ५७ ने राखून ठेवला आहे. मग अहवालाच्या पानाखाली बारीक अक्षरांत एक नाव छापायला अडचण कोणती?

मोबदल्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. समारंभ पार पडतो, चित्रे वृत्तपत्रांत झळकतात, आणि देयक टेबलांवरून फिरत राहते. पगारदार माणसाला तीन महिन्यांचा विलंब ही गैरसोय वाटेल. लग्नसराई संपलेल्या छायाचित्रकाराला ती मुलाच्या शाळेची फी असते. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावे लागतात; लेखी करार नसेल तर ही मुदत पंधरा दिवसांची आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. छायाचित्रकाराला सेवा उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करता येते. ती त्याने काम स्वीकारण्यापूर्वीच करून ठेवावी, आणि कार्यालयानेही काम देताना एका कागदावर पाच ओळी लिहून द्याव्यात: काम कोणते, चित्रे किती, कोणत्या स्वरूपात, पैसे केव्हा आणि हक्क कोणाकडे. ग्रामपंचायतीच्या ठरावात हे पाच मुद्दे बसवायला वेगळा लेखनिक लागत नाही.

नोंद आणि जतन

चित्र हाती आल्यावर कार्यालयाचे काम संपत नाही. ज्या चित्रामागे गाव, तारीख आणि माणसांची नावे नाहीत ते दहा वर्षांत मुके होते. नावे डावीकडून उजवीकडे या क्रमाने, मऊ शिसपेन्सिलीने, कागदाच्या मागे कडेला लिहावीत. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूवर उमटतो आणि शाई पसरते. संगणकावरील चित्रांच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी. पंचायतीचे छप्पर गळते तेव्हा संगणक आणि त्याच्याशेजारचा डबा दोन्ही एकाच वेळी भिजतात.

याखेरीज एक काम शिक्षकांना मुलांकडून करवून घेता येईल. तालुक्याच्या जुन्या स्टुडिओंत निगेटिव्हच्या पेट्या पडून आहेत. मालक थकले, मुले दुसऱ्या धंद्यात गेली, आणि जागा रिकामी करताना या पेट्या भंगारात जातात. त्यांत बुजलेल्या बारवा असतील, मोडलेले वाडे असतील, धरणाखाली गेलेल्या गावचे पार असतील. ज्या पेटीतून व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तिच्यातील फिल्म विघटित होऊ लागली आहे असे समजावे, ती इतरांपासून वेगळी काढावी आणि तिची प्रत सर्वांआधी करून घ्यावी. उरलेल्या पट्ट्या कोरड्या, थंड जागी कागदी पाकिटांत ठेवाव्यात आणि प्रत्येक पाकिटावर छायाचित्रकाराचे नाव लिहावे. मालकाची परवानगी लेखी घ्यावी. तो हयात आहे तोवर त्याला शाळेत बोलावून एकेक पट्टी उजेडासमोर धरून त्याच्याकडूनच माणसांची आणि जागांची नावे लिहून घ्यावीत. पावसाळ्यापूर्वीची सुट्टी या कामाला पुरेशी होते.