गाडीतला बिनतारी संच : एक की दोन?



या व्यासपीठावर वेदान्तापासून आयुर्विम्यापर्यंत बहुतेक सर्व विषय होऊन गेले आहेत. तरीही 'ट्रकमध्ये कोणता बिनतारी संच बसवावा' हा विषय पत्रिकेवर पाहून आपल्यापैकी काहीजण चकित झाले असतील. युनियनच्या माणसाने बोनसवर बोलावे, फार तर ग्रॅच्युइटीवर बोलावे. हे रेडिओचे खूळ त्याला कोठून लागले, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

आमच्या युनियनमधले एक जुने ड्रायव्हर आता निवृत्त झाले आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, ट्रक चालवतो. सॅक्रामेंटोहून माल भरायचा, सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडायचे आणि पलीकडे नेवाडा राज्यात उतरवायचा, हा त्याचा नेहमीचा रस्ता. वाटेत डॉनरची खिंड लागते. ती समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंच आहे. हिवाळ्यात बर्फ पडले की चाकांना साखळ्या बांधल्यावाचून ट्रक पुढे सोडत नाहीत, आणि कधी कधी तर रस्ताच बंद करतात. डोंगराच्या वळणांत मोबाइलचा भरवसा धरता येत नाही. एके दिवशी त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, सीबी आणि हॅम दोन्ही एकाच डब्यात मिळतंय. दुकानदार म्हणतो, आतली एक तार कापली की काम झालं. घेऊ का?"

मी त्याला म्हटले, "बाळ, ती तार कापण्यापूर्वी थोडा थांब." मी शाळा लवकर सोडलेला माणूस, जे शिकलो ते वाचून आणि विचारून शिकलो. त्याप्रमाणे हाही विषय वाचला, जाणकारांना विचारला, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे दोन शब्द. सीबी म्हणजे 'सिटिझन्स बँड', नागरिकांसाठी मोकळा ठेवलेला रेडिओलहरींचा पट्टा. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपास २३ चॅनेल सामान्य माणसासाठी मोकळे केले. १९७७ साली त्यांचे ४० झाले. आरंभी परवाना लागत असे; १९८३ मध्ये तोही गेला. आज तेथे कोणीही संच विकत घ्यावा आणि बोलावे. परीक्षा नाही, परवाना नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. बंधन मुख्यतः एकच : साध्या पद्धतीने बोलताना शक्ती ४ वॉटपेक्षा अधिक नको. एसएसबी नावाची एक काटकसरीची पद्धत आहे, तिला कमाल १२ वॉट. चालत्या ट्रकमधून आवाज साधारण पाच-सात किलोमीटर जातो. नववे चॅनेल संकटात सापडलेल्यांसाठी राखून ठेवलेले आहे. ट्रकवाले एकोणिसाव्यावर भेटतात.

हॅम म्हणजे हौशी बिनतारी. येथे परीक्षा आहे. अमेरिकेत पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न असतात, त्यांपैकी २६ बरोबर यावे लागतात. नागरिकत्वाची अट नाही. उत्तीर्ण झालेल्याला स्वतःचे एक संकेतनाम मिळते आणि ते उच्चारूनच बोलावे लागते. त्या बदल्यात त्याला विस्तीर्ण मैदान मोकळे होते. शक्ती जास्त, लहरींचे पट्टे अनेक, आणि डोंगरमाथ्यावर हौशी मंडळींनी बसवलेली 'रिपीटर' केंद्रे. ही केंद्रे दुबळा आवाज पकडून पुन्हा मोठ्याने पाठवतात. त्यामुळे गाडीतल्या लहान संचाचा आवाजही पन्नास-शंभर किलोमीटरवर पोहोचू शकतो.

आता आपण म्हणाल, मग हॅमच घ्यावे. सीबीची कटकट कशाला? येथेच खरा मुद्दा आहे. संच निवडताना 'किती लांब जातो' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की, तुम्हाला बोलायचे आहे ते कोणाशी?

खिंड चढणाऱ्या ड्रायव्हरला पाहिजे असतो तो समोरून उतरत येणारा दुसरा ड्रायव्हर. पुढच्या वळणावर ट्रक आडवा झाला आहे काय, साखळ्या कोठे बांधायला लावतात, हे त्यालाच ठाऊक. हा दुसरा माणूस अनोळखी आहे, तो पाच किलोमीटरांच्या आत आहे, आणि त्याने हॅमची परीक्षा दिलेली असण्याचा संभव थोडा. त्याच्यापाशी असलाच तर सीबी असणार. शंभर किलोमीटरवरचा सुजाण हॅम त्या वळणाविषयी काय सांगणार?

आणखी एक भेद आहे. हॅमच्या लहरींवरून पैशाच्या लाभासाठी बोलण्यास मनाई आहे. मालकाचा माल कोठवर आला, गोदाम किती वाजता उघडते, हे धंद्याचे बोलणे हॅमवर चालत नाही, सीबीवर चालते. ज्याचे पोट चाकावर आहे त्याने ही ओळ नीट वाचून ठेवावी. मात्र जीव धोक्यात असेल तर कोणत्याही मार्गाने मदत मागण्याची मुभा हॅमच्या नियमांतच आहे.

ही सीबी ट्रकवाल्यांच्या हाती कशी रुळली, ती हकीकत माझ्या जिव्हाळ्याची आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले. अमेरिकेत डिझेल महागले, पंपांवर टंचाई झाली, आणि वेगाची मर्यादा ताशी ५५ मैलांवर आणण्याचा बेत निघाला. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारे हजारो लोक यात भरडले गेले. त्यांना ना कारखान्याचे फाटक, ना हजेरीपट, ना एकत्र बसण्याची जागा. डिसेंबरात ओहायो, पेन्सिल्व्हेनिया आदी राज्यांत त्यांनी हमरस्त्यांवर ट्रक उभे करून वाहतूक रोखली. एका ट्रकमधून दुसऱ्या ट्रकमध्ये निरोप गेले ते सीबीवरून. पुढे १९७४ च्या आरंभी त्यांनी पुन्हा संप केला. त्या संपांत हिंसाही झाली आणि तिचे समर्थन मी करणार नाही. पण ज्यांना एकत्र येण्यास छप्पर नव्हते त्यांना चार वॉटच्या डब्याने सभागृह मिळवून दिले, ही गोष्ट मी संघटक म्हणून विसरू शकत नाही.

आता त्या दुकानदाराच्या डब्याकडे वळू. हॅमचा एक पट्टा २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ असा आहे. सीबी २७.४ च्या थोडी पुढे संपते. म्हणजे ही दोन घरे शेजारशेजारची. तेव्हा हॅमसाठी म्हणून संच बनवायचा, आणि आतली एखादी तार कापली की तो शेजारच्या घरातही शिरेल अशी सोय ठेवायची, हा धंदा तेथे बरीच वर्षे चालत आला आहे. कायदा काय म्हणतो? सीबीवर बोलायचे तर त्यासाठीच एफसीसीने प्रमाणित केलेला संच पाहिजे. हॅमचा परवाना खिशात असला तरी हॅमचा संच सीबीवर वापरता येत नाही. इतकेच नव्हे, जो संच सहज फेरफार करून सीबीवर नेता येतो त्याला आयोग सीबीचाच संच समजतो, आणि प्रमाणपत्रावाचून त्याची विक्रीही बेकायदा ठरते. २००४ साली ट्रक-थांबे चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला अशा विक्रीबद्दल १,२५,००० डॉलरच्या दंडाची नोटीस निघाली होती. उलट बाजूने पाहता, परवानाधारक हॅम सीबीचा संच बदलून आपल्या पट्ट्यावर वापरू शकतो. पण मग तो सीबीसाठी उरत नाही.

तात्पर्य, 'एकात दोन' म्हणून जो डबा विकला जातो, तो विकणारा फायदा घेऊन मोकळा होतो आणि तार कापण्याची जोखीम ड्रायव्हरच्या गळ्यात राहते. भगिनींनो आणि बंधूंनो, हा व्यवहार मला ओळखीचा वाटला. कागदावर सही एकाची आणि नफा दुसऱ्याचा, असे करार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

म्हणून मी त्या मुलाला सांगितले की, एक नको, दोन घे. आणि दोन्ही एकदम घेऊ नकोस. आधी चाळीस चॅनेलचा साधा, प्रमाणित सीबी घे. परीक्षा उत्तीर्ण झालास म्हणजे मग हॅमचा लहान संच घे, १४४ आणि ४४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवर चालणारा. आणि संचावर उधळपट्टी करू नकोस. पैसा एरियलवर घाल.

एरियलची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. लहर जितकी लांब, तितके एरियल लांब. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. तिच्या चौथ्या हिश्शाएवढे, म्हणजे पावणेतीन मीटरांच्या आसपास एरियल पाहिजे. ट्रकवर ते परवडत नाही, म्हणून तार गुंडाळून ते आखूड करतात. पण फार आखूड केले की काम बिघडते. १४६ मेगाहर्ट्झला मात्र अर्धा मीटर पुरतो. यावरून ध्यानात येईल की दोन्ही पट्ट्यांना प्रत्येकी आपले एरियल असावे, आणि ती दोन्ही शक्य तितकी दूर लावावीत. एरियलच्या बुडाशी लोखंडी पत्रा असला तर उत्तम. अनेक ट्रकांची केबिन फायबरग्लासची असते. तेथे एरियलचे बूड तारेने गाडीच्या सांगाड्याशी जोडून घ्यावे लागते.

बसवल्यावर एसडब्ल्यूआर नावाचे माप घ्यावे. संचातून निघालेली शक्ती एरियल किती स्वीकारते आणि किती परत लोटते, ते या मापाने कळते. आकडा दीडच्या आत असला तर सुमारे चार टक्केच परत येते. दोनला अकरा टक्के. आणि तीन झाला तर पंचवीस टक्के. परत आलेली शक्ती संचाला तापवते. हे माप घेण्यापूर्वी बोलण्याचे बटण फार वेळ दाबून धरू नये.

विजेचेही असेच. सीबीला एक-दोन अँपिअर लागतात, ते सिगारेट पेटवण्याच्या खोबणीतून घेतले तरी भागते. पन्नास वॉटच्या हॅम संचाला दहा-बारा अँपिअर लागतात. त्याची जाड तार थेट बॅटरीपासून घ्यावी, आणि बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. फ्यूजवाचून तार घासली गेली तर केबिन पेटते. अमेरिकेतले ट्रक १२ व्होल्टचे असतात. आपल्याकडील अवजड ट्रक बहुधा २४ व्होल्टचे. तेथे मध्ये कन्व्हर्टर न घालता संच जोडला तर तो जळेल. आणि ट्रक मालकाचा असेल तर छपराला छिद्र पाडण्यापूर्वी परवानगी घ्यावी, तीही लेखी. 'लेखी' या शब्दाची किंमत आम्हाला विचारा!

शेवटचा मुद्दा शक्तीचा. दुकानदार सांगतो की, हे शक्तिवर्धक यंत्र जोडा, म्हणजे चारचे शंभर वॉट होतील. सीबीला ते बेकायदा आहे. शिवाय हिशेब पाहा. शक्ती चौपट केली तर ऐकणाऱ्याच्या काट्यावर साधारण एक घर वाढते, म्हणजे चारचे चौसष्ट केले तर दोन घरे. पण तेवढ्यासाठी आसपासच्या सर्वांचे बोलणे बंद पडते. सत्तावीसची दुप्पट चोपन्न होते, आणि अमेरिकेत टेलिव्हिजनचा सर्वांत खालचा पट्टा तेथूनच सुरू होतो. म्हणून खराब यंत्र लावून ओरडणाऱ्याच्या शेजारच्या घरात जुन्या काळी चित्र थरथरत असे.

आम्ही गेट-मीटिंगा घेतल्या आहेत. दोन युनियनांचे कर्णे एकाच फाटकावर लागले की कोणाचेच ऐकू येत नाही, आणि ज्याचा कर्णा मोठा त्याचे म्हणणे खरे असते असेही नाही. चार वॉटची मर्यादा म्हणजे सर्वांना सारखाच कर्णा. पन्नास ट्रकांचा मालक आणि हप्त्यावर एक ट्रक घेतलेला ड्रायव्हर, दोघांना चारच. ही समता एका काळ्या डब्यात बसवून मिळाली आहे. ती तार कापून आपणच मोडायची काय?

आपल्या देशातही २००५ साली सरकारने २७ मेगाहर्ट्झच्या या पट्ट्याचा काही भाग, पाच वॉटच्या मर्यादेत, परवान्यातून मोकळा केला. हॅमला मात्र येथेही परीक्षा आणि परवाना लागतो. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी अंदमानात आलेल्या हॅम मंडळींनी बाहेरच्या जगाशी संपर्क जोडून दिला, हे पुष्कळांना स्मरत असेल. मोबाइलचा मनोरा पडला म्हणजे या परीक्षेची किंमत कळते.

त्या मुलाने सीबी घेतला आहे. परीक्षेचे पुस्तक केबिनमध्ये ठेवले आहे आणि ट्रक उभा असताना वाचतो, असे सांगतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, काल खिंडीच्या अलीकडे धुकं होतं. एकोणिसाव्या चॅनेलवर कोणीतरी म्हणालं, पुढे गाड्या थांबल्यात, वेग कमी कर. मी कमी केला. तो कोण होता, ते कळलं नाही."

मी त्याला म्हटले, "कळायला नकोच. पुढच्या वेळी तू कोणाला तरी सांग, म्हणजे फिटले."