हाताची परीक्षा
(व्याख्यानमालेतील व्याख्यान, संक्षेपाने)



लातूरला शिक्षणाचा विषय निघाला की परीक्षेतल्या यशाचा 'लातूर पॅटर्न' आठवतोच. मी मात्र त्या मुलामुलींविषयी बोलणार आहे, ज्यांची नावे गुणवत्ता यादीत लागत नाहीत आणि ज्यांना तीन-सहा महिन्यांत हाताला काम हवे असते. "एवढ्यात काय येणार?" असे आपण सहज म्हणून जातो. त्याचे उत्तर याच जिल्ह्यातल्या भिंतींनी दिले आहे.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून झोपलेली किल्लारी आणि आजूबाजूची गावे पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने ढिगाऱ्याखाली गेली. आपली जुनी भिंत दोन-अडीच फूट जाड, दिसायला गढीसारखी. पण तिचे आतले अंग वेगळे, बाहेरचे वेगळे, आणि मध्ये दगडगोटे नि माती. दोन्ही अंगांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. हादरा बसला की अशी भिंत उभी फाटते, बाहेरचे अंग सुटते आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर येते.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसली आणि बाकी गावांत घरे दुरुस्त करून बळकट करायची ठरली. त्यासाठी गवंड्यांना थोड्या मुदतीचे प्रशिक्षण दिले गेले. थापी आणि ओळंबा त्यांच्या घरातलेच. नवे शिकायचे ते मोजकेच: उभ्या भिंतीतले दगड काढून आरपार भोक करायचे, टोके वाकवलेली सळई ठेवायची, काँक्रीट भरायचे. घणाचे दणके दिले तर शेजारचे दगड ढिले होतात, म्हणून पहारीने एकेक दगड उकलायचा. भोक मध्ये अरुंद आणि दोन्ही तोंडांशी रुंद ठेवायचे, म्हणजे काँक्रीट डमरूसारखे बसते आणि दोन्ही अंगे धरून ठेवते. हे फळ्यावर कळत नाही, भिंतीत हात घालावा लागतो. याच काळात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमुळे गावोगावच्या महिला 'संवाद सहायक' झाल्या. बांधकाम समजून घेऊन त्यांनी घरमालक आणि सरकारी यंत्रणा यांच्यात दुवा जोडला.

मुदत थोडी असणे हा दोष नाही, असे माझे ठाम मत आहे. काम नेमके हवे आणि ते तपासणारा कोणी हवा. आपल्याच भागातले उदाहरण घ्या. उदगीरला विणलेल्या खादीचे राष्ट्रध्वज नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत शिवले जातात. धागा, रंग, शिलाई, सगळे भारतीय मानकांच्या कसोटीला उतरावे लागते. तिथे विणणाऱ्याची पदवी कोणी विचारत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ मध्ये सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली, तिचा गाभाही हाच: परिसरात जे काम आहे त्याचे शिक्षण, आणि शिकवायला त्या कामातली माणसे. असे काम आपल्याकडे आहेच: लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यातून पहिला सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी बाहेर पडला. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन इथलेच असावेत, ही अपेक्षा रास्त आहे. पण मी पाहिलेल्या एका वर्गात तीस मुलांमागे एकच वेल्डिंग मशीन होते. मुदत संपेपर्यंत काहींच्या हाती होल्डर दोनदाच आला. प्रमाणपत्र मात्र सगळ्यांना मिळाले. त्या कागदावर विसंबून कोणी मुलाला कामावर उभे केले, तर पहिल्याच दिवशी त्याची मान खाली जाईल. हा त्या मुलावर अन्याय आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

म्हणून आज या सभागृहात ज्यांचे वर्कशॉप, गॅरेज किंवा बांधकामाचा व्यवसाय आहे, त्यांना माझी विनंती आहे. जवळच्या प्रशिक्षण केंद्रात आठवड्यातून दोन तास जा. पोरांना तुमच्या देखत जोड मारू द्या, तो घणाने तोडून पाहा, आणि टिकला तरच त्यांच्या कागदावर सही करा.