खोडरबर घेऊन या

मुख्याध्यापक, शिक्षक, पालक आणि नाटकाचा मेकअप न पुसताच पुढच्या रांगेत येऊन बसलेल्या कलाकारांनो,

जुन्या संगणकांच्या नादी लागलेला माणूस लगेच ओळखू येतो. खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि घरच्या माळ्यावर तीळभर जागा नाही. अंबरनाथ-बदलापुरात शेजारी त्याला हसतील. उल्हासनगरात मात्र त्याला वेडा म्हणायची सोय नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथल्या लष्करी छावणीत आली, बराकींत संसार थाटले आणि जमेल ते बनवून विकू लागली. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद त्यातलाच. चेष्टा खरी, पण वस्तू उघडून पाहणाऱ्या हातांची ती पावतीही आहे.

आता आपला हौशी गृहस्थ बघा. पीसी चालू होत नाही, नुसताच बीप-बीप करतो. तो वायर काढतो, रॅमची पट्टी उपसतो, तिच्या सोनेरी कडेवरून कंपासपेटीतला साधा खोडरबर हलकेच फिरवतो, चुरा ब्रशने झटकतो आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत पट्टी परत दाबतो. पडदा उजळतो. तारीख दिसते १ जानेवारी १९८०! कारण बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली. तिच्यावरच्या ‘सीआर २०३२’मध्ये २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२. (हे परीक्षेत येणार नाही, निश्चिंत राहा.)

त्याचा खरा जीव १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर. मोठ्या मॉडेलची मेमरी ४८ किलोबाइट. आजचा ‘शुभ सकाळ’चा फोटोही त्यात मावायचा नाही. प्रोग्रॅम यायचा गाण्यांच्या कॅसेटसारख्याच कॅसेटवरून, किंचाळत, पाचेक मिनिटं. टेपचं हेड जरासं तिरकं झालं की सगळं मुसळ केरात. मग हेडजवळचा बारीक स्क्रू केसभर फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकत बसायचं.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६०मध्ये सुरू केलेल्या टिफरॅक या संगणकाची मेमरी तर २,०४८ शब्दांची, शब्द ४० बिटांचा. गुणाकार करा: जेमतेम १० किलोबाइट! अख्ख्या यंत्रात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नळ्या. आणि हे यंत्र आयात केलेलं नव्हतं, इथेच घडवलेलं होतं.

एक ताकीद. जुना मॉनिटर आणि पॉवर सप्लायचा डबा घरी उघडू नका. प्लग काढला तरी आत वीज साठून राहते.

बक्षीस वाटप झालं की स्टेजमागच्या टेबलाशी या. तिथला पीसी सकाळपासून बीप करतोय. खोडरबर ज्याचा त्याने आणावा.