आपली ओसरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवशी चार शब्द बोलावेत, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला. मी काही वक्ती नव्हे. घरात जे केले आणि त्यातून जे शिकले, तेवढेच सांगते. विषय साधा आहे. आपली ओसरी.

आपण स्वयंपाकघर लखलखीत ठेवतो, देव्हारा रोज पुसतो. ओसरीला मात्र कोणी वाली नसतो. शेतावरून येणारा खुरपे तिथेच टाकतो, मुले दप्तरे फेकतात, चिखलाच्या चपला दारातच निघतात. शनिवारी तर विचारूच नका. आपल्या काष्टीचा जनावरांचा बाजार म्हणजे घरोघरी पाहुणे. त्यांची पायताणे, कासरे, पिशव्या, सारे आपल्या दारात. सासूबाई म्हणत, "अगं, घरात शिरायचं की कुस्ती खेळायची?" मी हसून सोडून देई.

एका उन्हाळ्यात मात्र हसू पळाले. माझा धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. उन्हातून खेळून आला आणि ओसरीच्या कोनाड्यातली थंड पेयाची बाटली घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. म्हणाला, "आई, झाकण निघत नाही, उघडून दे." त्या बाटलीत कांद्यावर फवारायचे औषध होते. मूळचा डबा गळत होता, म्हणून मीच ते तिच्यात ओतले होते. झाकण घट्ट होते म्हणून पोर वाचले. दुसऱ्या कोणाला बोल लावायलाही जागा नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ओसरीतले सगळे सामान अंगणात काढले. त्याचे तीन ढीग केले: रोज अंगावर-पायात लागणारे, शेतावरचे, आणि विषारी. पहिलाच ढीग ओसरीत परत गेला. खुरपी, विळे आणि कुदळी अवजारांच्या छपरात गेल्या. औषधे जुन्या पत्र्याच्या पेटीत घातली, कुलूप लावले आणि पेटी त्याच छपरात उंच फळीवर ठेवली. पेंड आणि वैरण यांपासून दूर. किल्ली घरातल्या मोठ्यांकडेच असते.

मग मांडामांड. मोडक्या खाटेच्या फळ्या होत्या. त्यांची चपलांसाठी वीतभर उंच मांडणी केली. खालून केरसुणी फिरते, त्यामुळे विंचूकिड्याला दडायला जागा राहत नाही. तरी बूट झटकल्याशिवाय पायात घालायचा नाही, हा नियम आहेच. खुंट्या दोन ओळींत ठोकल्या. वरची ओळ मोठ्यांची, खालची मुलांच्या हाताला येईल अशी. हात पोचत नाही म्हणूनच मुले दप्तर खाली टाकतात, हे तेव्हा मला कळले. सासूबाईंना बसून चपला घालता याव्यात म्हणून भिंतीशी एक स्टूल ठेवले आणि त्यांच्या काठीची वाट मोकळी राखली. दारात गोणपाटाचे पायपुसणे घातले, पाय धुवायला बादली-तांब्या ठेवला. खुंट्या, खिळे आणि कुलूप मिळून तीनशे रुपयांच्या आत खर्च आला. बाकी सारे घरचेच.

भगिनींनो, औषधाच्या डब्यावर एक चौकट असते, तिच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे पिण्याजोगा नव्हे! औषध दुसऱ्या बाटलीत ओतले की ही खूण जाते, आणि डॉक्टरांनाही काय पोटात गेले ते कळत नाही. केरळात १९५८ साली वाहतुकीत कीटकनाशक गव्हाच्या पिठात मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पुढे १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला. पण सरकारचा कायदा आपल्या कोनाड्यापर्यंत कसा पोचणार? तिथला कायदा आपणच करायचा.

दुर्दैवाने कोणाच्या पोटात औषध गेलेच, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याच्या भरीस पडू नका. १०८ ला फोन करा, माणसाला तडक दवाखान्यात न्या आणि डबा बरोबर घ्या. रिकामा डबा धुऊन पाण्याला किंवा तेलाला कधीही वापरू नका.

ओसरी एकदा लावून भागत नाही. पहिल्या महिन्यात मी रोज ओरडत होते. आता धाकटाच पाहुण्यांना सांगतो, "मामा, चपला फळीवर." परवा शनिवारी दहा माणसे आली, तरी सासूबाई कोणाचा हात न धरता अंगणात गेल्या.

माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर वाण ठेवायच्या आधी आपला कोनाडा पाहा. तिथे दुसऱ्याच नावाची बाटली असेल, तर आजच हलवा. माझ्या बाटलीचे झाकण घट्ट होते. प्रत्येक वेळी ते असेलच असे नाही.